व्हॅली ऑफ द गॉड्स, आणि ट्रेलरखाली लोंबणारी टाकी

दक्षिण युटामध्ये मेक्सिकन हॅट गावाजवळ १७ मैलांचा एक कच्चा रस्ता व्हॅली ऑफ द गॉड्समधून जातो. मॉन्युमेंट व्हॅलीसारखेच तांबडे सुळके, पण इथे गर्दी नाही, तिकीट नाही आणि डांबरही नाही. पिकअपमागे ओढायचा आमचा राहण्याचा ट्रेलर लहान, रस्ता कोरडा, म्हणून हायवे १६३ वरून आत शिरलो. पाऊस पडून गेला असेल तर ही माती चाकं सोडत नाही, तेव्हा आकाश बघूनच जावं. कोरड्या दिवसातही रस्त्यावर आडव्या लहरी उठलेल्या असतात आणि गाडी सतत थडथडत राहते.

अर्ध्या वाटेवर मागून धप्प, धप्प असा आवाज यायला लागला.

"गॅसची सिलिंडरं हलत असतील गं," दादा म्हणाला. वहिनीने काच खाली केली, जरा ऐकलं आणि म्हणाली, "सिलिंडरं पुढे असतात. हा आवाज खालून येतोय."

उतरून वाकून पाहिलं, तर ट्रेलरचं पोट सुटलं होतं. सांडपाण्याच्या टाक्या झाकायला खाली जी पन्हळी प्लास्टिकची शीट असते ना, ती मधोमध फुगून खाली आली होती. एका बाजूचे स्क्रू काढून आत टॉर्च मारला. ग्रे टाकी, म्हणजे सिंक आणि शॉवरचं पाणी साठवणारी, एका कडेने निसटली होती. तिला तोलणारी भोकाभोकांची पत्र्याची पट्टी तुटून लोंबत होती आणि त्या कडेचा सगळा भार टाकीच्या निचऱ्याच्या पाइपवर आला होता.

सकाळी ब्लफ गावातून निघताना दोन्ही टाक्या, ही ग्रे आणि संडासाची काळी, रिकाम्या केल्या होत्या, म्हणून एवढ्यावर निभावलं. अमेरिकन गॅलनभर पाण्याचं वजन पावणेचार किलोच्या आसपास. म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की ११० किलोंच्या वर जाते, आणि रस्त्यातल्या प्रत्येक आचक्याला तो भार क्षणभर आणखी वाढतो. हे सगळं ज्या पट्टीवर सोडलेलं होतं ती मुळात घरातले पाइप भिंतीला अडकवायची पट्टी. पाइप हलत नाही, ट्रेलर हलतो. भोकापाशी पत्रा पुढेमागे वाकून वाकून थकतो आणि एक दिवस तुटतो. दुसऱ्या टोकाचे स्क्रू अजून जागेवर होते, पण पातळ लोखंडातली त्यांची भोकं झिजून लांबट झाली होती. हाताने ओढले तर बाहेर आले. कारखान्यात असं काम करणाऱ्यांनी आपलाच ट्रेलर घेऊन या रस्त्यावरून एकदा जावं, असं मला फार वाटतं.

तात्पुरता इलाज सामान बांधायच्या रॅचेट पट्ट्यांचा. टाकीखाली फळी ठेवली, जॅकने अगदी हळू वर उचलली आणि दोन पट्ट्या चेसिसच्या, म्हणजे ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याच्या, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूला ओढून ताणल्या. लोखंडाची धार पट्टी कापते, म्हणून प्रत्येक कडेला जुन्या रबरी चटईचा तुकडा. या पट्टीच्या भरवशावर महिनोन्‌महिने फिरू नये. आम्हाला फक्त गूसनेक्सपर्यंत पोचायचं होतं.

गूसनेक्स स्टेट पार्कबद्दल काय सांगू! सान हुआन नदी हजारएक फूट खोल दरीत वळणांवर वळणं घेत जाते. कड्याच्या काठाशीच मुक्काम करता येतो. तिथे पाण्याची सोय नाही, त्यामुळे आमची ताज्या पाण्याची टाकी भरलेली होती. ती चाकांच्या वर, पक्क्या चौकटीत असते, तिला काही झालं नव्हतं. ग्रे टाकीत मात्र थेंब सोडायचा नाही असं ठरलं आणि भांडी घमेल्यात घासली गेली.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर तिथेच ठेवून नुसत्या पिकअपने मोकी डगवे चढलो. कड्याच्या अंगावर खोदलेला तीन मैलांचा खडीचा घाट, ११ टक्के चढ. १९५० च्या दशकात युरेनियमच्या खनिजाचे ट्रक उतरवायला तो बांधला. २८ फुटांपेक्षा लांब किंवा १०,००० पौंडांपेक्षा जड गाड्या इथे आणू नयेत अशी सूचना आहे. ट्रेलर मागे नसल्यामुळे वहिनीला डोळे उघडे ठेवून बघता आलं. वर सीडर मेसाच्या पठारावरून ब्लँडिंग गाठलं आणि दुपारपर्यंत लोखंडी अँगल, नटबोल्ट, प्लायवूड आणि पाइपचं सामान घेऊन परतलो.

दादाला वेल्डिंग करवून घ्यायचं होतं. मी नाही म्हटलं. वर फोम, लाकडी जमीन, शेजारी प्लास्टिकची टाकी, बाजूने गॅसची नळी. ठिणगी कुठे जाऊन बसेल ते कळणारही नाही. बोल्टने तेवढीच मजबुती येते आणि उद्या काढावं लागलं तर पाना पुरतो.

खाली शिरण्याआधी ट्रेलर पुन्हा पिकअपला जोडला, चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावल्या, चेसिसखाली घोड्या दिल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली कुणी जाऊ नये, आणि कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर, म्हणजे ट्रेलर डुलू नये म्हणून टेकवायचे पाय, तर वजन पेलायला नसतातच. बॅटरी सोडवली, हातमोजे आणि चष्मा घातला.

मग चेसिसच्या उभ्या पत्र्याला, उंचीच्या मधोमध, अँगलचे आखूड तुकडे बोल्टने बसवले. खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडायचं नाही, कारण सगळ्यात जास्त ताण तिथे असतो. ड्रिल लावण्याआधी पलीकडे हात फिरवून ब्रेकची वायर आणि गॅसची नळी कुठून गेलीय ते पाहिलं. या तुकड्यांवर दोन लांब अँगल आडवे टाकले, त्यांवर प्लायवूड, त्यावर रबर, आणि मग टाकी. प्लायवूड हवंच, नाहीतर भरलेली टाकी दोन अँगलच्या मध्ये फुगते आणि तिथेच तडकते. नट नायलॉनच्या कड्याचे, थडथडीने न सुटणारे. अति आवळायचा मोह मात्र टाळला. टाकी जास्त वर दाबली तर वरून येणारी हवेची नळी तिच्यात घुसते.

पाइपच्या कोपरावर केसाएवढी चीर होती. तेवढा भाग कापून नवा कोपर एबीएस या प्लास्टिकच्या सिमेंटने चिकटवला, आणि उतार फुटाला पाव इंच राहील असा टेकू दिला. टाकीही एबीएसची असेल तर तिची चीरसुद्धा अशी सांधता येते. पॉलिएथिलीनच्या टाकीला मात्र कुठलंच सिमेंट धरत नाही, तिला प्लास्टिक वेल्डिंगच लागतं. कोणती टाकी आहे ते तिच्यावर छापलेलं असतं, सामान आणायला जाण्याआधी वाचून घ्यावं.

सिमेंट वाळू दिलं आणि सिंकमधून पाणी सोडलं. दादा खाली टॉर्च धरून पडून राहिला. सांधा कोरडा होता, तरी रात्रभर कागदाचा रुमाल तिथे गुंडाळून ठेवला. सकाळी तोही कोरडा. प्लास्टिकची शीट परत लावताना स्क्रूंखाली रुंद वॉशर दिले, आणि बोल्ट दिसतील अशा जागी एक झाकण ठेवलं, म्हणजे पुढच्या मुक्कामी पाना लावून बघता येईल.

काळ्या टाकीच्या पट्ट्या अजून जुन्याच आहेत. त्या आज शाबूत दिसतात, पण पत्रा तोच, स्क्रूही तेच. उरलेले दोन अँगल त्यासाठीच पिकअपमध्ये आहेत, फक्त ती टाकी आधी दोनतीनदा स्वच्छ धुऊन मिळू दे, मगच मी तिच्याखाली झोपणार, असं दादाला सांगून ठेवलंय.