नव्वद दिवसांचा पाहुणा

पुण्यातली हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठल्याही आयटी कंपनीची नोकरीची जाहिरात उघडा. तळाला एक ओळ ठरलेली असते: 'इमिजिएट जॉइनर्स ओन्ली'. फार तर पंधरा दिवस थांबू म्हणतात. हीच कंपनी स्वतःच्या माणसाला सोडताना मात्र ९० दिवसांचा नोटीस पिरियड लावते, म्हणजे राजीनाम्यानंतरही तेवढे दिवस थांबवून ठेवते. दुसऱ्याकडचा माणूस सोमवारी सकाळी साडेनऊला हजर हवा, आपल्याकडचा पुढच्या तिमाहीपर्यंत हलता कामा नये. सगळ्यांनीच असं ठरवल्यावर इमिजिएट जॉइनर उरतो कोण? एक तर ज्याची नोकरी गेलीय तो, नाहीतर जो आधीच कुठेतरी पेपर टाकून, म्हणजे राजीनामा देऊन, बसलाय तो. पहिल्याला एचआर विचारते, "सर, ही गॅप कसली?" दुसऱ्याला विचारते, "हातात अजून किती ऑफर्स आहेत?" भरवसा दोघांवरही नाही.

दुसऱ्यावर नसतो ते बरोबरच आहे म्हणा. त्याच्याकडे तीन महिने रिकामे आहेत, कामातून मन उडालंय आणि खिशात एक ऑफर लेटर. तो करणार काय? ते लेटर दाखवून दुसरं मिळवतो, दुसरं दाखवून तिसरं. याला कंपन्या नाक मुरडून 'ऑफर शॉपिंग' म्हणतात. बाजारात फिरायला तीन महिन्यांची सवड कोणी दिली, हे मात्र कोणी विचारत नाही. मग दर शुक्रवारी तीन ठिकाणांहून फोन: "सर, जॉइनिंग नक्की ना?" हा तिघींनाही सांगतो, "हो हो, शंभर टक्के!"

भरतीच्या फोनवर कामाची चौकशी सुरुवातीला नसतेच. करंट पगार किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस किती? या तीन 'किती'तून तरलात तर 'तुम्ही करता काय' हा प्रश्न येतो, तोही उरकल्यासारखा. तुमचं मोल कामावरून ठरत नाही, आधीच्या मालकाने जे ठरवलं त्यावर तीस टक्के चढवून ठरतं. आधीचा कंजूष असेल तर ते पाप पुढच्या तीन नोकऱ्या तुमच्या मागे येतं.

आणि ऑफर लेटरमधला तो सीटीसीचा, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च मांडणारा, तक्ता! कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्यात, विम्याचा हप्ता त्यात, 'व्हेरिएबल' नावाचं, मिळालं तर मिळालं अशा पगाराचं मृगजळ त्यात. माझी सगळ्यात लाडकी ओळ ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना एकरकमी मिळणाऱ्या पैशाची. बेसिकच्या ४.८१ टक्के. कायद्याप्रमाणे कायम नोकरीतल्या माणसाला ती सलग पाच वर्षं काढल्यावर मिळते. आयटीत पाच वर्षं एका जागी टिकलेला माणूस लोक एकमेकांना बोटाने दाखवतात. म्हणजे पॅकेजचा आकडा फुगवायला जी रक्कम धरली, ती बहुतेकांच्या हाती लागायचीच नाही. 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?' या प्रश्नाला 'ग्रॅच्युइटीचा फॉर्म भरताना' याहून प्रामाणिक उत्तर मला तरी सुचलेलं नाही. अजून कोणी दिल्याचं ऐकलं नाही.

पेपर टाकल्यावर खरी गंमत. इतकी वर्षं हा माणूस नक्की काय करतो याची कोणाला पडलेली नसते. राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी कळतं, की क्लायंटला रोज सकाळी जाणारा रिपोर्ट याच्याच लॉगिनवरून निघतो. धावपळ उडते. केटी सुरू होते, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. रोज दुपारी तीन ते चार. हा स्क्रीन शेअर करून सांगतोय, "इथे हा एरर आला की घाबरायचं नाही, पुन्हा रन करायचं." "का येतो?" "माहीत नाही. मला केटी दिली त्यालाही माहीत नव्हतं." ऐकणारा मान डोलावतो, कारण त्याने स्वतः मागच्याच आठवड्यात पेपर टाकलेत. मॅनेजरला अजून सांगायचंय. रेकॉर्डिंग होतं, फोल्डरमध्ये जातं आणि तिथेच नांदतं.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र, लॉकरची किल्ली, सगळं देऊन झालं तरी सुटका नाही. 'नो ड्यूज'चं, म्हणजे काही देणं बाकी नाही याचं, तिकीट सात खात्यांतून हिरवं व्हावं लागतं. त्यातलं एक लायब्ररी. एका कंपनीत मी हे तिकीट अडलेलं पाहिलं, तिथे लायब्ररी नव्हती. पूर्वी दोन कपाटं होती म्हणे, जुन्या इमारतीत. पण रकाना आहे म्हणजे मंजुरी हवी. ॲडमिनमधल्या काकांनी शोधून काढलं, मंजुरी ज्यांच्या नावावर पडते ते गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेलेत. "मग त्यांचं लायब्ररीचं कोणी क्लिअर केलं?" मी विचारलं. काका म्हणाले, "त्यांनीच."