फ्रीजला कुलूप कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी येणारे बहुतेक जण विचारतात. कुणी हसत, कुणी ‘पोराला उपाशी ठेवता की काय’ अशा नजरेनं.

माझ्या मुलाला प्रॅडर-विली सिंड्रोम आहे. साधारण १५ ते २० हजारांत एखाद्या बाळाला होतो. १५व्या गुणसूत्राच्या एका भागातली काही जनुकं फक्त वडिलांकडून आलेलीच काम करतात, आईकडची गप्प असतात. वडिलांकडचा तो तुकडाच गळाला, की त्या कामाला कुणी उरत नाही. बहुतेकदा हे आपसूक घडतं, त्यामुळे ‘कुणाच्या घराण्यातून आलं?’ हा पुढचा प्रश्न कृपा करून नको. १९५६ साली झुरिकच्या डॉक्टरांनी हा आजार मांडला. आमच्या सोसायटीत अजून ‘लाडावलंय’ हेच निदान चालतं.

जन्मला तेव्हा याला दूधही ओढता येत नव्हतं. अंग लुळं, रडणं क्षीण, नळीनं पाजायचो. काही वर्षांनी सगळं उलटं झालं. पोट भरल्याची वर्दी याच्या मेंदूला पोचतच नाही. ताटावरून उठतानाही त्याला भूक असते, अगदी खरी भूक. त्यात स्नायू कमजोर, उष्मांक कमी लागतात. इतर मुलांइतकं खाल्लं तरी वजन भराभर वाढतं. उलटीही सहसा होत नाही, त्यामुळे अती खाणं जिवावर बेतू शकतं.

आता कुलूप. ते त्याला शिक्षा म्हणून नाही. फ्रीज उघडा असला की त्याचं सगळं चित्त तिथेच. ना अभ्यास, ना झोप. कुलूप असलं की ‘मिळेल का?’ हा घोर संपतो. दारावर तक्ता चिकटवलाय: आठला उपमा एक वाटी, अकराला पेरू. अकरा वाजून पाच झाले की घड्याळ दाखवत माझ्यापुढे उभा. आणि तक्त्यात आयत्या वेळी बदल केला, तर मग अर्धा दिवस आरडाओरडा, हाताची कातडी ओरबाडणं.

म्हणून ‘एका पेढ्यानं काय होतंय?’ म्हणणाऱ्यांची मला धास्ती वाटते. पेढा घासभर असतो. ‘मावशी परत कधी येणार?’ पुढचे कितीतरी दिवस चालतं.

काही आणायचंच असेल, तर जिगसॉ पझल आणा. त्यात त्याचा हात धरणारा घरात कुणी नाही. पाचशे तुकड्यांचं बघा; शंभरचं त्याला पोरखेळ वाटतं.