पेटीचा हेल

व्होकोडर म्हणजे माणसाचं बोलणं वाद्याच्या गळ्यात घालणारं यंत्र. यंत्रमानव गातोय असं वाटणारी गाणी ऐकली असतील, त्यामागे बहुतेक हेच असतं. खरं तर संगीताशी त्याचा मुळात संबंधच नव्हता. अमेरिकेत बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेतल्या होमर डडलीने १९२८ पासून त्यात डोकं घातलं, ते टेलिफोनच्या तारेत जास्त बोलणी मावावीत म्हणून. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यावरून गुप्त संभाषणाची यंत्रणा उभी राहिली. वजन पन्नास टनांच्या वर. संगीतकार वेंडी कार्लोस आणि सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, बनवणारे रॉबर्ट मूग यांनी १९७० मध्ये संगीतासाठी व्होकोडर बांधला तो दहा पट्ट्यांचा, म्हणजे आवाजाचे खालच्या कंपनांपासून वरच्यापर्यंत दहा भाग करणारा. माझाही दहाचाच, आणि तो कापूस ठेवायच्या खोलीत एका टेबलावर मावतो.

डडलीने ओळखलं ते असं की गळा फक्त आवाज पुरवतो, शब्द घडवतात जीभ आणि ओठ, आणि त्यांची हालचाल आवाजाच्या कंपनांपुढे अगदीच संथ असते. म्हणून बोलणं फिल्टरांनी दहा पट्ट्यांत वेगळं करायचं, कोणत्या पट्टीत या क्षणी किती जोर आहे तेवढं मोजायचं आणि वाद्याच्या त्याच पट्टीचा नळ तेवढाच उघडायचा. गळ्याचा स्वर फेकून द्यायचा.

म्हणजे एकच सर्किट दहादा डागायचं. कंटाळवाणं काम, पण मला आवडतं. नागपूरच्या सीताबर्डीतून आणलेल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या बारक्या भागावर, एक आकडा छापलेला असतो आणि मीटरवर भलताच येतो. बोलण्याचा फिल्टर आणि वाद्याचा फिल्टर एकाच जागी बसायला हवेत, म्हणून मीटर घेऊन जोड्या लावत बसायचं.

विजेचा प्रश्न वेगळाच. शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातली लाइन हलते, गुणगुण खालच्या पट्टीत शिरते आणि कोणी न बोलताच वाद्य घुमायला लागतं. त्यावर उपाय म्हणजे फवारणी पंपाच्या बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. एकीला दुसरी जोडायची, मधली तार शून्य धरायची; अधिक बारा, उणे बारा तयार. आणि हे सगळं कपाशीवर तुडतुडे आलेले असताना. ‘काऊन रे, पंपाची बॅटरी कुठी गेली?’ हा बाबांचा प्रश्न रोजचाच.

वाद्य म्हणून सिंथेसायझर नव्हता, भजनी मंडळाची पेटी होती. आत पिझोची, म्हणजे थरथरीची वीज करणारी, चकती चिकटवली. पेटीच्या सुरात उपस्वर भरपूर, त्यामुळे अ, आ, ओ हे स्वर स्पष्ट उमटतात. अडतो तो ‘स’. त्याचा जोर फार वरच्या कंपनांत असतो आणि तिथे पेटीकडे देण्यासारखं फारसं काही नसतं. पेटीवाले काका माइकमध्ये ‘सोयाबीन’ म्हणाले, पेटी ‘ओयाबीन’ म्हणाली. मग ट्रान्झिस्टर (रेडिओ नव्हे, सर्किटातला बारका भाग) उलटा जोडून त्याची खरखर वरच्या पट्टीत सोडली, तेव्हा कुठे सोयाबीन उगवलं.

काका तरी नाराजच. ‘शब्द माहे हायेत, पन बोलून राह्यला पुन्याचा कोनी.’ बरोबरच होतं. पेटीची एकच पट्टी बोटाने दाबून धरली की सगळं वाक्य एका सुरात जातं, आणि वऱ्हाडी बोलण्यातला निम्मा जीव तर हेलात. मग त्यांनीच बोलता बोलता बोटं चालवली. ‘काऊन बे’ म्हणताना ‘काऊन’ षड्जावर, ‘बे’ थेट गंधारावर. बाहेर अंगणातली पोरं फिस्सकन हसली.

आता भजनाचं नाव काढलं की काका म्हणतात, थांब, पयले ‘बे’ पक्का होऊ दे.