आजी भिंती वाजवून बघत होत्या

दुभाषी म्हणून माझं बहुतेक काम कारखान्यांतलं असतं. पुणे-चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारे पुष्कळ उद्योजक आहेत आणि त्यांचे जपानी ग्राहकही. त्यामुळे ड्रॉइंग, मापांतल्या चालणाऱ्या फरकाच्या मर्यादा, तक्रारींचे अहवाल यांतच माझे दिवस जातात. त्या वेळी मात्र एका उद्योजकाने टोकियोतल्या बैठकांनंतर दोन मुक्काम वाढवून घेतले होते. बरोबर पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि आई. उतरायचं होतं टोकियो डिस्नीलँड हॉटेलात. आईंना सोबत हवी म्हणून त्यांच्या खोलीत मी राहावं, असं ठरलं. सगळे त्यांना आजी म्हणत, मीही म्हणू लागले.

आजी लातूर जिल्ह्यातल्या, औसा तालुक्यातल्या. किल्लारी तिथून हाकेच्या अंतरावर. हे मला निघण्यापूर्वी कुणी सांगितलं नव्हतं. मुलाने फक्त "आईला शक्यतो खालचा मजला द्या" एवढं म्हटलं होतं, आणि मला वाटलं, गुडघ्यांमुळे असेल. पण नातीला खिडकीतून सिंड्रेलाचा किल्ला दिसायला हवा होता, त्यामुळे शेवटी खोल्या वरच्या मजल्यावरच्या घेतल्या गेल्या.

हॉटेल आहे टोकियोच्या शेजारी, चिबा प्रांतातल्या उरायासु शहरात, माइहामा नावाच्या भागात. उद्यान 1983 साली सुरू झालं, हे हॉटेल 2008 मध्ये, बरोबर त्याच्या प्रवेशद्वारासमोर. मध्ये फक्त मोनोरेलचं स्टेशन. हॉटेलाची धाटणी व्हिक्टोरियन. व्हिक्टोरियन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बोरीबंदर येतं, पण हा थाट वेगळा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी समुद्रकाठी श्रीमंतांसाठी मोठमोठी लाकडी हॉटेलं उभी राहिली. कॅलिफोर्नियातलं 1888 चं हॉटेल डेल कोरोनाडो त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. त्या घराण्याची नक्कल डिस्नेने आधी फ्लोरिडात केली, 1988 मध्ये; मग पॅरिस, हाँगकाँग आणि टोकियो. निमुळते मनोरे, उतरत्या छपरांतून डोकावणाऱ्या खिडक्या, आत कित्येक मजले उंच दिवाणखाना, कोरीव कठडे, झुंबरं. मी अशा इमारतींकडे नेहमी खूप आवडीने बघते. नक्कल असली तरी ती ज्या निगुतीने केलेली असते, तिचं मला मनापासून कौतुक आहे. कुठल्या कोपऱ्यात पाहा, काम अर्धवट सोडलेलं दिसत नाही.

आजींनी झुंबराकडे पाहिलं आणि त्या बाजूला सरकल्या. मग खांबाशी गेल्या आणि बोटाच्या पेरांनी खांब वाजवला. पुढे भिंत. पुढे लिफ्टशेजारचं लाकूड. नऊवारी नेसलेली, हातात काठी घेतलेली बाई सगळीकडे टकटक करत चालली आहे, हे पाहून नात खुदखुदत होती. मला कळेना.

"काय बघताय, आजी?"

"भितीत काय भरलंय ते बघायलेय. पोकळ हाय, माय."

खोलीत आल्यावर त्यांनी पुन्हा सगळ्या भिंती वाजवल्या. वर पाहिलं, छताला काय काय टांगलंय ते मोजलं. मग पिशवीतून चपला काढून उशाशी ठेवल्या, त्यांच्याजवळ छोटी बॅटरी ठेवली आणि म्हणाल्या, "दार लावू नगंस. उघडंच राहू दे."

आता मला समजलं. किल्लारीचा भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून दमलेली गावं गाढ झोपेत होती. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्या भागातली घरं माळवदाची: जाडजूड दगडी भिंती, दगड सांधायला चिखल, आणि वर लाकडावर मातीचा थरावर थर. उन्हाळ्यात थंडगार राहणारी घरं. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वर आणखी माती पडायची, म्हणजे छताचं ओझंही वाढत जायचं. शिवाय तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा टापू सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचा काळा दगड हलणार नाही, असं जाणतेही धरून चालले होते.

मी स्वागतकक्षाला फोन केला. पाहुण्या भूकंपातून वाचलेल्या आहेत, त्यांना दार उघडं ठेवून झोपायचं आहे, एवढंच सांगितलं. मला वाटलं होतं नम्र नकार येईल. नकार आलाच, सुरक्षेच्या कारणासाठी. पण पाठोपाठ एक मध्यमवयीन गृहस्थ वर आले. इथल्या कर्मचाऱ्यांना कास्ट म्हणतात. ते आत आले आणि आजींच्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसले, त्यांच्या नजरेच्या पातळीवर. मग म्हणाले, "त्यांना काय काय विचारायचंय ते सगळं विचारू दे."

आजींनी विचारलं. भिंत पोकळ का? ते म्हणाले, ही आतली भिंत हलक्या फळ्यांची आहे, तिच्यावर इमारतीचा भार नाही. भार आतल्या सांगाड्यावर आहे. बाहेर दिसतात ती नक्षी, मनोरे, पट्ट्या हा सगळा साज आहे. जपानने 1981 साली बांधकामाचे नियम बदलले, मोठ्या भूकंपातही इमारत कोसळू नये अशी रचना बंधनकारक केली, आणि हे हॉटेल त्यानंतरचं. मग त्यांनी पलंगाशेजारी भिंतीला बसवलेली बॅटरी दाखवली. खोबणीतून काढली की ती आपोआप पेटते. आजींनी ती काढून पाहिली, परत लावली, पुन्हा काढली. स्वतःच्या बॅटरीशेजारी धरून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा थोडा सैल झालेला मी पाहिला. त्यांची तिथली सवय ही इथली रीतच होती.

दाराच्या आतल्या बाजूचा सुटकेच्या वाटेचा नकाशाही त्या गृहस्थांनी समजावला. आजींना वाचता येत होतं, पण जपानी नव्हे. म्हणून आम्ही तिघं बाहेर पडलो आणि जिन्यापर्यंत चालत जाऊन आलो. आजींनी दारं मोजली.

त्याच पहाटे भूकंप झाला.

जपानमध्ये तो रोजचा आहे असं आपण ऐकतो, आणि बारीकसारीक हादरे खरंच कुणी मोजतही नाही. हा तसा नव्हता. आधी माझा फोन किंचाळला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला तो विसरता येत नाही: कर्कश घंटा आणि मागोमाग "जिशिन देस", भूकंप आहे. भूकंपाच्या पहिल्या, वेगवान लहरी टिपून जोराच्या लहरी पोचण्याआधी इशारा द्यायचा, अशी ही यंत्रणा. 2007 पासून ती सर्वसामान्यांसाठी खुली आहे. हातात सेकंदच मिळतात. मी उठून बसले तोवर आजी उभ्या होत्या. पायांत चपला, हातात हॉटेलची पेटलेली बॅटरी.

मग खोली हलली. आधी बारीक थरथर, नंतर लांब हेलकावे. पडदे खिडकीपासून सुटून आत आले, कपाटातले हँगर एकमेकांवर वाजले, भिंतींतून कुरकुर ऐकू येऊ लागली. आजींनी दार उघडलं होतं आणि चौकट धरून त्या बाहेर निघाल्या होत्या.

"चल माय, मैदानात. चल लवकर."

ध्वनिवर्धकावर जपानीत सूचना सुरू झाल्या: घाबरू नका, खोलीतच थांबा, खिडकीपासून दूर राहा, लिफ्ट वापरू नका. मी हे वाक्य न वाक्य मराठीत सांगितलं. आजी थांबल्या नाहीत. आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या गावात त्या पहाटे जे अंगणात निजले होते ते वाचले, जे आत होते ते दबले. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून किल्लारीत हादरे बसत होते, लोक भिऊन बाहेर झोपत होते, मग थांबले म्हणून पुन्हा आत गेले. आत गेल्याची किंमत काय, हे त्या बाईने पाहिलं होतं. त्यांना माझ्या तोंडून "घाबरू नका" ऐकायचं नव्हतं. दुभाष्याने ऐकलं ते सांगावं, पदरचं घालू नये, हा आमचा नियम. कारखान्याच्या बैठकीत तो मी कधी मोडत नाही. त्या क्षणी मोडला. मी त्यांचा दंड धरला आणि ओरडले,

"आजी, वर माती नाही. डोक्यावर माळवद नाही. भिंत पोकळ आहे, तुम्हीच वाजवून पाहिलीत."

त्या थबकल्या. त्यांनी वर पाहिलं. मग चौकटीला टेकून तिथेच खाली बसल्या, मीही बसले. दार उघडं होतं, वाट मोकळी होती, आणि आम्ही दोघी बॅटरीच्या उजेडात ते हेलकावे संपायची वाट बघत राहिलो. पलीकडच्या खोलीतून आजींचा मुलगा, म्हणजे आमचे सर, धावत आले, कडेवर नात. आजींनी तिला मांडीवर ओढून घेतलं आणि स्वतःचा पदर तिच्या डोक्यावर धरला.

त्या भागात शिंदो 4 नोंदला गेला होता. जपानी मापनात एखाद्या ठिकाणी किती हादरलं ते शिंदोने सांगतात, शून्यापासून सातपर्यंत. चार म्हणजे झोपलेले बहुतेक सगळे जागे होतात. इमारतीला काही झालं नाही. लिफ्ट आपोआप थांबल्या होत्या, तपासणी होईपर्यंत बंदच राहिल्या. थोड्याच वेळात कर्मचारी खोली खोली फिरू लागले, आणि आमच्या दारात तेच संध्याकाळचे गृहस्थ आले, जिना चढून. दार उघडं पाहून ते काही बोलले नाहीत. पुन्हा गुडघ्यावर बसले.

त्यांनी आजींना विचारलं, "तुमचं घर कशाचं होतं?"

हा प्रश्न आजींना इतक्या वर्षांत कुणी विचारला नसावा. माणसं किती गेली हे सगळे विचारतात. त्या सांगू लागल्या: भिंतीची जाडी हाताने दाखवली, वरच्या मातीचा थर दाखवला, दगड गोल कसे होते आणि चिखल वाळून कसा भुगा व्हायचा ते सांगितलं. मग सासूचं आणि धाकट्या मुलीचं सांगितलं. ते मी जसंच्या तसं जपानीत सांगितलं, त्यात माझा एक शब्दही घातला नाही. ते मी इथे लिहिणार नाही.

ते गृहस्थही बोलले. 11 मार्च 2011 ला, पूर्व जपानच्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी, ते इथेच कामावर होते. डिस्नीलँड आणि शेजारचं डिस्नीसी, दोन्ही उद्यानांत मिळून सत्तर हजारांच्या आसपास पाहुणे होते आणि सुमारे वीस हजारांना ती रात्र तिथेच काढावी लागली. डोकं वाचवायला कर्मचाऱ्यांनी दुकानांतली मऊ खेळणी लोकांना वाटली, थंडीसाठी खोके आणि प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या. ही सगळी समुद्रात भर घालून केलेली जमीन. उरायासु शहरात ती पाण्यासारखी पातळ झाली, गटारांची झाकणं रस्त्यावर वर आली. उद्यानाखाली मात्र आधीच वाळूचे खांब ठोकून जमीन घट्ट केलेली होती, म्हणून आतलं बरंचसं वाचलं.

मी त्यात एक भर घातली, कारण ती गोष्ट मला नेहमी आठवते. खऱ्या व्हिक्टोरियन काळात जपानने विटांच्या युरोपीय धर्तीच्या इमारती मोठ्या हौसेने बांधल्या होत्या. 1891 च्या नोबी भूकंपात त्यांतल्या कितीतरी ढासळल्या, सात हजारांवर माणसं मेली, आणि पुढच्याच वर्षी सरकारने भूकंप अभ्यासायला समिती नेमली. टोकियोच्या असाकुसा भागातला विटांचा बारा मजली मनोरा 1923 च्या भूकंपात मधूनच तुटला. आजींनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजी यांचीबी माती झाली होती," त्या म्हणाल्या. "मंग शिकले."

उजाडल्यावर आजींना झोप नव्हती, पण भीतीही दिसत नव्हती. त्यांना आता सगळं बघायचं होतं. त्या गृहस्थांनी कपाटाच्या मागची लोखंडी पट्टी दाखवली. कपाट भिंतीला जखडलेलं होतं. आरसाही तसाच, भिंतीवरची चित्रंही. आजींनी प्रत्येक वस्तू हलवून पाहिली. एक दिवा हलला तर तोही त्यांनी गृहस्थांना दाखवला, आणि त्यांनी गंभीरपणे वहीत टिपून घेतला.

लिफ्ट सुरू झाल्या, उद्यान उशिरा का होईना उघडलं. आजी किल्ल्यापर्यंत चालल्या, पण त्याआधी मोकळं मैदान कुठल्या बाजूला आहे ते मला विचारून घेतलं. नात घोड्यांच्या चक्रावर बसली असताना त्यांनी मुलाला जवळ बोलावलं.

"पुण्याच्या घरातलं लोखंडी कपाट. पोरीच्या पलंगाशेजारचं. त्येला पट्टी मारून घे."

"गेल्यावर बघू, आई."

"गेल्यावर न्हाई. आत्ता फोन कर."

सरांनी तिथेच, रांगेजवळ उभं राहून पुण्याच्या सुताराला फोन लावला. सुताराला काही केल्या उमजेना की भरलेलं कपाट भिंतीला ठोकायचं कशासाठी. शेवटी आजींनी फोन हातात घेतला आणि पट्टी किती रुंद, स्क्रू किती लांब, हे सगळं स्वतः सांगितलं.