तुम्ही विचारलंत म्हणून: कल्पनाबद्दल

माझं माहेर कर्नाटकातलं, बेळगाव जिल्ह्यातलं संकेश्वर. हे कळलं की कन्नड सिनेमाची थोडीफार माहिती असलेला माणूस पहिला प्रश्न ठरलेला विचारतो, "म्हणजे गोटूर तुमच्या शेजारीच की! त्या बंगल्यात कल्पनाचं नेमकं काय झालं हो?" लग्नकार्यात विचारतात, गाडीत शेजारी बसलेले विचारतात, आता फोनवरही विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सगळ्यांना ठाऊक आहे तेवढंच मला ठाऊक आहे. 1979 च्या मे महिन्यात कन्नड सिनेमाची नायिका कल्पना एका नाटक कंपनीबरोबर आमच्या भागात आली होती. मुक्काम गोटूरच्या सरकारी बंगल्यात होता आणि तिथेच ती गेली. वय पस्तीस. त्यापुढचं जे काही गावोगाव सांगितलं जातं ते मी सांगत नाही. तिच्या शेवटच्या रात्रीचा तपशील कुणाला हवा असला की माझा जीव तुटतो, कारण विचारणाऱ्याने बहुतेक वेळा तिचा एकही सिनेमा पाहिलेला नसतो. जिला कर्नाटकात 'मिनुगु तारे', म्हणजे लुकलुकता तारा, म्हणून आजही ओळखतात, तिच्याबद्दल आपल्याला एवढंच विचारावंसं वाटावं?

ती मूळची दक्षिण कन्नडातली, मंगळूरकडची. 1963 मध्ये बी. आर. पंतुलूंच्या 'साकु मगळु'मधून ती पडद्यावर आली, समोर कन्नडचे मोठे नायक राजकुमार. पण तिची खरी ओळख झाली ती 1967 च्या 'बेळ्ळि मोड'ने. पुट्टण्णा कणगाल यांचा दिग्दर्शक म्हणून तो पहिला कन्नड सिनेमा. मलनाडातल्या, म्हणजे कर्नाटकच्या डोंगराळ भागातल्या, श्रीमंत घरची एकुलती एक इंदिरा. तिच्याशी लग्न ठरलेला मोहन तिच्याच वडिलांच्या पैशावर परदेशी शिकायला जातो. इकडे इंदिराला उतारवयातल्या आईकडून भाऊ होतो, आई दगावते आणि त्या तान्ह्याचं सगळं इंदिरावर येतं. इस्टेटीला वारस आल्याचं कळताच मोहनचं मन फिरतं. पुढे तोच तिच्या घरी अंथरुणाला खिळून राहतो, ती त्याची शुश्रूषा करते आणि आता त्याला ती हवीशी वाटू लागते. इथे आपण सवयीने लग्नाच्या सनईची वाट बघतो. इंदिरा नाही म्हणते. ती सूड उगवत नाही की त्याला शाप देत नाही, फक्त नकार देते. आणि या नकारापर्यंतची सगळी वाट कल्पनाच्या डोळ्यांत आधीपासून दिसत असते. त्याला औषध देताना, त्याची उशी नीट करताना ती जी सभ्य, अंतर राखलेली माया दाखवते, ती बघा. प्रेम संपलेलं असताना माणुसकी कशी उरते, हे मी दुसऱ्या कुठल्याही नटीच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ पाहिलेलं नाही.

ही इंदिरा कुणाची? त्रिवेणींची. मानसशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या या कादंबरीकार 1963 मध्येच, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत वारल्या. पस्तिशीही पुरी झाली नव्हती. 'बेळ्ळि मोड', विधवेच्या पुनर्विवाहावरचा 'हण्णेले चिगुरिदाग' आणि 'शरपंजर', तिन्ही त्यांच्याच कादंबऱ्या आणि तिन्हींत कल्पना. तिचा 'गेज्जे पूजे' आला तो लेखिका एम. के. इंदिरांच्या कादंबरीवरून. घुंगरांच्या पूजेने मुलीला कशाला जुंपतात, हे आमच्या यल्लम्माच्या, देवदासींच्या मुलखात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कल्पनाच्या मागे त्या काळच्या कन्नड लेखिका उभ्या होत्या, असं माझं ठाम मत आहे. घरात दुपारी कादंबरी वाचणाऱ्या बायकांना जे बोलता येत नव्हतं ते त्यांनी लिहिलं आणि हिने पडद्यावर बोलून दाखवलं. तिच्यासारख्या साड्या, तिच्यासारखे ब्लाउज बायकांनी उगाच नाही शिवून घेतले.

'शरपंजर' 1971 चा, तोही पुट्टण्णांचाच. कावेरी सुशिक्षित, हसरी, नवऱ्याची लाडकी. सुखाच्या दिवसांत तिच्या तोंडी जे गाणं आहे ती द. रा. बेंद्र्यांची कविता, घरात मराठी बोलणाऱ्या आणि मराठीतही लिहिणाऱ्या धारवाडच्या बेंद्र्यांची. मग बाळंतपणात जुनी जखम उघडी पडते आणि तिचं मन ढळतं. उपचार होतात, ती बरी होऊन घरी येते. सिनेमा खरा इथून सुरू होतो. तिने जोरात हसावं तर घरची माणसं एकमेकांकडे बघतात. तिने गप्प बसावं तरी बघतात. रागावणं तर सोडूनच द्या. शेजारणी जपून बोलतात, नवरा लांब लांब राहतो आणि त्याचं दुसरीकडे जुळलेलं तिला कळतं. आपल्या 'उंबरठा'त परतलेल्या सुलभालाही नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली दिसते, पण तो 1982 चा सिनेमा आणि सुलभाला निघून जायला दार तरी असतं. कावेरीला परत इस्पितळच. शेवटच्या प्रसंगातला कल्पनाचा तो फुटलेला आवाज काहींना भडक वाटतो. मला तो अजिबात भडक वाटत नाही. वर्षभर ज्या बाईने प्रत्येक शब्द तोलून उच्चारला, ती बोलायला लागल्यावर हळू कशी बोलेल?

त्यानंतर पुट्टण्णांच्या सिनेमांत नायिका म्हणून आरती आली. कल्पनाला कामं मिळत राहिली, 'गंधद गुडि' 1973, 'एरडु कनसु' 1974, पण इंदिरा आणि कावेरीच्या तोडीची भूमिका पुन्हा फारशी आली नाही. एक गोष्ट मला फार लागते. 1979 च्या एप्रिलमध्ये राजकुमारना पन्नास पुरी झाली आणि ते तेव्हाही नायकच होते. त्यांच्याविषयी मला आदरच आहे, त्यांचा यात काही दोष नाही. पण पुढच्याच महिन्यात, त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान असलेली त्यांची नायिका आमच्या उसाच्या पट्ट्यात कंपनी नाटकाच्या मुक्कामाला होती. कंपनी नाटक कमी प्रतीचं असं मी म्हणत नाही, आम्ही त्यावरच वाढलो. पण मे महिन्याच्या उकाड्यात, गावोगाव सामान हलवत, रात्री उशिरापर्यंत चालणारे ते प्रयोग ज्यांनी पाहिलेत त्यांना ते किती कष्टाचं आहे ते माहीत आहे. आणि तिथे लोक यायचे ते 'शरपंजर'ची कल्पना बघायला, तेव्हा तिला रोज तीच व्हावं लागत असणार.

कन्नड येत नाही म्हणून अडू नका. 'बेळ्ळि मोड' आधी बघा, मध्ये 'गेज्जे पूजे', आणि 'शरपंजर' एखाद्या सुटीच्या दिवशी, पाठोपाठ दुसरं काही न लावता. मग मला फोन करा आणि कावेरीच्या नवऱ्याबद्दल हवं तेवढं भांडा, मी तयार आहे.