कोल्हापुरात सेकंडहँड सात सीटर गाडी घेतली, त्याचा अनुभव

आमच्या घरात माणसं सात. आई, बाबा, आत्या, मी, बायको आणि दोन पोरं. गाडी होती जुनी वॅगनार, त्यामुळं जोतिबाला जायचं म्हटलं की दरवेळी कुणीतरी दोघं एसटीनं यायची. गेल्या चैत्रात आत्या म्हणाली, "तुम्ही जावा, मी थांबते घरात," आणि ते मनाला फार लागलं. त्याच रात्री ठरवलं, सात सीटर घ्यायची. नवी परवडणार नव्हती. सगळे मिळून सहा लाख होते, त्यातले साडेपाच गाडीला आणि पन्नास हजार घेतल्यावरच्या कामाला बाजूला काढले. हे पन्नास हजार आधीच बाजूला ठेवा असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण ते लागतातच.

आपल्याकडं सात सीटर म्हटलं की जो तो इनोव्हाच म्हणतो. गाडी दणकट आहे, वाद नाही, पण आमच्या पैशात मिळत होत्या त्या 2010-11 च्या, अडीच-तीन लाख किलोमीटर पळालेल्या, त्यातल्या दोन तर आधी पिवळ्या पाटीवर भाड्यानं फिरून मग प्रायव्हेट करून घेतलेल्या. शिवाय पंधरा वर्षं भरत आली की परत पासिंगचं बघायचं. बोलेरोत मागं आडव्या सीटा, तिथं आत्याला बसवून गगनबावड्याचा घाट चढायचा विचारच नको. मोबिलिओ आणि लॉजी बघितल्या, बसायला चांगल्या वाटल्या, पण होंडानं मोबिलिओ 2017 ला बंद केली, रेनॉनं लॉजी 2020 ला, शेवरलेची एन्जॉय तर कंपनीनंच इथली विक्री थांबवलेली. पार्टसाठी गाडी महिना महिना उभी राहिली तर आमचं भागणार नव्हतं. ट्रायबर मनात भरली होती, मागची सीट काढून ठेवता येते, पण एक लिटरचं इंजिन आणि सात माणसं घेऊन पन्हाळा, हे मला पटेना. मग राहिली मारुतीची अर्टिगा.

डिझेल, पेट्रोल का सीएनजी ह्यावर घरात पंधरा दिवस चर्चा. आमचं फिरणं महिन्याला सहाशे-सातशे किलोमीटर, एवढ्यासाठी डिझेलचा जादा खर्च कशाला, आणि सीएनजीची टाकी डिकीत बसते म्हणजे सातजणांच्या पिशव्या मांडीवर. पेट्रोल ठरलं. (दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होते असं दोघा-तिघांनी सांगितलं, तो नियम दिल्लीकडचा आहे, आपल्याकडं नाही.)

आता मुख्य गोष्ट. आपल्या जिल्ह्यात गाडी घेताना पहिला प्रश्न किलोमीटरचा नाही, पाण्याचा. 2019 आणि 2021 चे पूर सगळ्यांनी बघितलेत, पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, त्याच्या कितीतरी वर पाणी गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. त्या पाण्यात किती गाड्या उभ्या होत्या आणि त्यातल्या किती धुऊनपुसून परत बाजारात आल्या, कोण सांगणार? मला पहिली आवडलेली अर्टिगा अशीच होती. 2015 ची, पांढरी, अठ्ठावन्न हजार किलोमीटर, सीट कव्हर नवी कोरी, पाच लाख दहा हजार सांगितले. एजंट म्हणाला आज इसार द्या, उद्या गाडी राहणार नाही. मी पाच हजार खिशात घेऊनच गेलो होतो.

पण बरोबर उद्यमनगरातले आमचे गाडीचे मिस्त्री होते. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मागचं दार उघडून आधी सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिले, ओढत राहिले, पार शेवटपर्यंत, जिथपर्यंत आपण कधीच ओढत नाही. शेवटचा वीतभर पट्टा बघितला तर त्यावर एक आडवी तपकिरी रेघ, आणि रेघेच्या खालचा पट्टा हाताला खरखरीत, वाळलेला गाळ. मग सीट पुढं सरकवून खालच्या रुळाचे बोल्ट दाखवले, गंज चढलेला. स्टेपनी काढली, खालच्या खोलगट भागात कोपऱ्यात बारीक माती. डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारला तर वायरिंगच्या जोडावर हिरवट बुरशीसारखं काहीतरी साठलेलं. "दादा, ही गाडी पवलीया," एवढंच म्हणाले, "इंजिन आज बी सुरू हुईल, पण वायरिंग तुमास्नी सोडणार न्हाई."

एजंटानं नाही नाही म्हणत बरंच सांगितलं. मी जुन्या इन्शुरन्सच्या पॉलिश्या मागितल्या. हे बायकोनं सुचवलं होतं, ती बँकेत आहे. क्लेम केला नाही तर दरवर्षी नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, वाढत जाते, 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत, आणि क्लेम केला की साधारण शून्यावर येते. म्हणजे 2021 च्या पावसाळ्यानंतरच्या पॉलिसीत बोनस एकदम शून्य दिसला तर समजायचं काहीतरी झालंय. पॉलिश्या "मिळत नाहीत" म्हणाला. आम्ही निघून आलो. परत येताना माझे हात थरथरत होते, खरं सांगतो, साडेपाच लाख म्हणजे आमच्या घरची सहा वर्षांची बचत.

त्यानंतर दीड महिन्यात अकरा गाड्या बघितल्या. सगळ्या लिहीत बसत नाही. एकीचं एका बाजूचं दार परत रंगवलेलं, एकीचं मीटर सत्तर हजार पण क्लचचा पेडल गुळगुळीत घासलेला, म्हणजे मीटर फिरवलेलं असणार, एकीवर ई-चलनांचा ढीग.

शेवटी गाडी मिळाली गडहिंग्लजला, एका निवृत्त गुरुजींची. 2016 ची पेट्रोल, एकच मालक, 74 हजार किलोमीटर. सर्व्हिसची सगळी बिलं फाईलला तारखेप्रमाणं लावलेली, पॉलिश्यांसकट. मिस्त्रींनी फोन करून आधीच सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, गार इंजिन बघायचंय. सीटबेल्ट ओढला, स्वच्छ. मधल्या सीटच्या फटीत मात्र बोट घातलं तर गुलाबी झालं, जोतिबाचा गुलाल. आई लगेच म्हणाली, घ्या हीच. मिस्त्री हसले पण तपासणी सोडली नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचले, 1417, म्हणजे 2017 सालचा चौदावा आठवडा, चारही टायर जुने, बदलावे लागणार. बॅटरीही संपत आलेली. हे दाखवून वीस हजार कमी केले, पाच लाख पाचला ठरलं.

पण इसार द्यायच्या आधी आम्ही एक केलं. पुढच्या रविवारी गुरुजी गाडी घेऊन कोल्हापुरात आले आणि आम्ही सातही जण बसून जोतिबाला गेलो, गुरुजी तेवढे आमच्या घरी चहाला थांबले. हे खूप महत्त्वाचं, कारण दुकानात तिसऱ्या सीटवर आपण एकटे मिनिटभर बसतो आणि "ठीक आहे" म्हणतो. आईचा गुडघा दुखतो, ती मागं चढूच शकत नाही हे तेव्हा कळलं, म्हणून ती मधे. आत्याला मागं पाठवलं तर गुडघे छातीला लागले. मग मधली सीट चार बोटं पुढं सरकवली, बाबांच्या पायाला थोडी कमी जागा झाली पण आत्या सरळ बसली. पोरं खूश. घाटात एसी चालू ठेवून सातजण घेतल्यावर गाडीला दम लागतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढवावी लागली, वळणावर एसी बंद केला. क्लचचा वास आला नाही, तापमानाचा काटा हलला नाही. मला तेवढं पुरेसं होतं.

कागदपत्रात एक अडकलं. गुरुजींनी कर्ज 2020 लाच फेडलेलं, पण आरसीवर बोजा तसाच. ते काढायचं कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 करून बोजा उतरल्याशिवाय आमच्या नावावर होणार नाही, म्हणून पंचवीस हजार इसार देऊन लिहून घेतलं की बोजा उतरल्यावर बाकीचे. ह्यात तीन आठवडे गेले. मग गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30, माझा पत्त्याचा पुरावा, पीयूसी, इन्शुरन्स. गाडी ताब्यात घेतली त्या कागदावर तारीख आणि वेळही लिहिली, संध्याकाळी 6:20, म्हणजे त्याच्या आधीचं चलन त्यांचं, नंतरचं माझं. इन्शुरन्स 14 दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो आणि जुन्या मालकाचा बोनस गाडीबरोबर येत नाही, त्यामुळं फरकाचे पैसे भरावे लागले.

टायर, बॅटरी, ऑईल, कूलंट, ब्रेक पॅड धरून चव्वेचाळीस हजार गेले.

एक तेवढं राहून गेलं, फास्टॅग. पहिल्यांदा साताऱ्याला निघालो, किणी टोलनाक्यावरून गाडी गेली आणि पाच मिनिटांत गुरुजींचा फोन, "माझे पैसे कटलेत, सुखरूप निघालात ना?" जुना टॅग काचेवर तसाच होता. मी लगेच पैसे पाठवले, ते नको नको म्हणत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी टॅग बंद केला, आरसी माझ्या नावावर आल्यावर मी नवा काढला.