२०५ नावांची यादी

२२ ऑक्टोबर २०२२ च्या शनिवारी मी नेहमीपेक्षा बऱ्याच आधी कार्यालयात पोहोचले, कारण चीनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या महाअधिवेशनाचा तो समारोपाचा दिवस होता आणि आमच्या दैनिकाचे आंतरराष्ट्रीय पान माझ्याकडे होते. संपादकीय विभागात मंदारिन वाचता येणारी मी एकटीच असल्याने, चीनच्या भावी पंतप्रधानांची ओळख करून देणारी चौकट आधीच लिहून ठेवण्याचे कामही माझ्याकडे आले होते. ती मी वांग यांग यांच्यावर लिहिली होती. चौ एनलाय यांच्यानंतरचे चीनचे सगळे पंतप्रधान त्या पदावर येण्यापूर्वी उपपंतप्रधान राहिलेले होते आणि वांग यांग यांनी ते पद २०१३ ते २०१८ या काळात सांभाळले होते. शिवाय ते ६७ वर्षांचे होते. महाअधिवेशनाच्या वर्षी ६७ वर्षांच्या नेत्याने राहावे आणि ६८ वर्षांच्या नेत्याने निवृत्त व्हावे, असा ‘सात वर, आठ खाली’ या नावाने ओळखला जाणारा संकेत चीनमध्ये रूढ होता.

सकाळी वृत्तसंस्थांची चित्रफीत आली. बीजिंगच्या ग्रेट हॉलमध्ये शी जिनपिंग यांच्या शेजारी बसलेले पक्षाचे माजी सरचिटणीस, म्हणजे पक्षप्रमुख, हू जिंताओ यांना दोन जण उठवत होते, ते उठायला नाखूश दिसत होते आणि बाहेर नेले जात असताना त्यांनी पंतप्रधान ली कछ्यांग यांच्या खांद्यावर हात ठेवला. शिन्हुआ या चीनच्या सरकारी वृत्तसंस्थेने नंतर त्यांची प्रकृती बरी नसल्याचे सांगितले. कार्यालयात तर्कांना ऊत आला होता, पण डोळ्यांना दिसले तेवढे आणि शिन्हुआने सांगितले तेवढेच छापायचे, असे आम्ही ठरवले. तो निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते.

माझे लक्ष मात्र पक्षाचे सर्वोच्च नेते जिच्यातून निवडले जातात त्या मध्यवर्ती समितीच्या यादीकडे लागले होते. या समितीच्या २०५ पूर्ण सदस्यांची नावे आडनावाच्या चित्रलिपीत किती रेषा आहेत त्या क्रमाने लावलेली असतात. ‘शी’ हे तीन रेषांचे आडनाव सुरुवातीलाच येते, तर ‘ली’ आणि ‘वांग यांग’मधले ‘वांग’ ही दोन्ही आडनावे सात रेषांची आहेत. मी बोट ठेवत सात रेषांचा गट वाचला आणि पुन्हा वाचला. त्यात ली छ्यांग होते, ली शी होते. पंतप्रधान ली कछ्यांग नव्हते आणि वांग यांगही नव्हते. संकेताप्रमाणे अजून थांबू शकणारे हे दोन्ही नेते मध्यवर्ती समितीतूनच बाहेर पडले होते, तर शी स्वतः ६९ वर्षांचे असून यादीत होते. नऊ रेषांच्या गटात मला हू छुनह्वा सापडले. ते ५९ वर्षांचे होते आणि विद्यमान उपपंतप्रधान होते. मी लगेच जुनी चौकट बाजूला ठेवून त्यांच्यावर दुसरी लिहायला घेतली.

आमच्या वृत्तसंपादकांनी ती वाचून एकच प्रश्न विचारला. “उपपंतप्रधान असलाच पाहिजे, अमुक वयाचा असलाच पाहिजे, हे कुठे लिहिलंय का गं?”

मी म्हणाले, “नाही सर. वयाचं पक्षाच्या घटनेतही नाही.”

“मग हे ज्यांनी पाळलं त्यांच्याबद्दल लिही, आणि आता ते पाळणं ज्याच्या हातात आहे त्याच्याबद्दल लिही.”

त्या संध्याकाळी मी शी यांची कारकीर्द नव्याने वाचली. माझ्याजवळची माहिती तीच होती, वाचण्याची रीत बदलली होती. वडील शी चोंगशुन उपपंतप्रधान असताना १९६२ मध्ये पदच्युत झाले, मुलाला १९६९ मध्ये शान्शी प्रांतातल्या ल्यांगच्याह या खेड्यात जावे लागले आणि तिथे त्याने सात वर्षे काढली. पुढे हबेई, मग सतरा वर्षे फुच्येन, त्यानंतर चच्यांग आणि २००७ मध्ये काही महिने शांघाय. १९९७ च्या महाअधिवेशनात ते मध्यवर्ती समितीचे केवळ पर्यायी सदस्य झाले. पर्यायी सदस्यांची नावे रेषांच्या क्रमाने नव्हे, मिळालेल्या मतांच्या क्रमाने छापतात, आणि १५१ जणांच्या त्या यादीत त्यांचे नाव शेवटचे होते. दहा वर्षांत तेच स्थायी समितीत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, पोहोचले, कारण पक्षातल्या परस्परविरोधी गटांपैकी कोणालाच त्यांच्या नावाची भीती वाटत नव्हती. चढण्याचा मार्ग हा असा होता. टिकण्याचा निराळा होता. ज्यांग झमिन यांनी २००२ मध्ये सरचिटणीसपद सोडल्यावरही लष्करावर नियंत्रण ठेवणारा लष्करी आयोग २००४ पर्यंत हातात ठेवला होता, पण शी यांना १५ नोव्हेंबर २०१२ रोजी पक्ष आणि लष्कर एकाच दिवशी मिळाले. मग भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत चौ योंगखांग यांच्यासारखे स्थायी समितीचे माजी सदस्य जन्मठेपेपर्यंत गेले, आणि मार्च २०१८ मध्ये संसदेत २९६४ पैकी २९५८ मतांनी राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा काढून टाकण्यात आली. सर्वांत मोलाचे साधन मात्र नेमणुकांचे होते, आणि तेच मी इतकी वर्षे दुय्यम मानत आले होते.

रविवारी सकाळी, आपल्याकडे साडेनऊच्या सुमारास, स्थायी समितीचे सात सदस्य मानाच्या क्रमाने मंचावर आले. शी यांच्या मागून ली छ्यांग चालत आले आणि पुढचे पंतप्रधान कोण हे पडद्यावर स्पष्ट झाले. ते कधीही उपपंतप्रधान नव्हते. शांघायचे पक्षसचिव, म्हणजे तिथले पक्षाचे प्रमुख, म्हणून त्याच वर्षीच्या वसंतात अडीच कोटी लोकांना सुमारे दोन महिने घरात कोंडणारी टाळेबंदी त्यांच्या कारकिर्दीत झाली होती, आणि अनेक अभ्यासकांनी त्यांची वाट तिथेच संपल्याचे मानले होते. पण शी चच्यांगचे पक्षसचिव असताना प्रांतिक समितीचे महासचिव म्हणून त्यांचे रोजचे कामकाज हेच ली छ्यांग पाहत असत. त्यांच्या मागून झाओ लेजी, वांग हुनिंग, त्साय छी, डिंग श्वेश्यांग आणि ली शी आले. त्साय छी फुच्येन आणि चच्यांग या दोन्ही प्रांतांत काम केलेले होते, डिंग शांघायमध्ये शी यांच्या हाताखाली होते, तर ली शी ज्या येनआन जिल्ह्याचे सचिव होते त्याच जिल्ह्यात ल्यांगच्याह हे खेडे येते. हू छुनह्वा केवळ स्थायी समितीतच नव्हे, तर ती समिती ज्यातून निवडली जाते त्या २४ जणांच्या पॉलिट ब्युरोतही नव्हते. माझी दुसरी चौकटही वाया गेली.

मी कोऱ्या कागदावर मधोमध चार जागांची नावे लिहिली: येनआन, फुच्येन, चच्यांग, शांघाय. सातही जणांना त्यांच्याभोवती मांडले, तेव्हा आठवडाभर वयाच्या आणि पदांच्या तक्त्यातून जे दिसले नव्हते ते पाच मिनिटांत दिसले. पंचवीस वर्षांपूर्वी यादीत तळाशी असलेला माणूस ज्या ज्या ठिकाणी राहिला, तिथले सहकारी त्याने वर आणले होते, आणि त्याला पर्याय ठरू शकेल असा पन्नाशीतला एकही माणूस आता पहिल्या फळीत ठेवलेला नव्हता. हे दुसरे वाक्य लिहिताना मला अस्वस्थ वाटले, कारण उत्तराधिकाराचा प्रश्न १४० कोटी लोकांच्या देशात असा मोकळा राहणे ही भारतासारख्या शेजाऱ्यालाही हलकी गोष्ट नाही.

दुपारी मेलबर्नमध्ये विराट कोहलीने पाकिस्तानविरुद्ध नाबाद ८२ धावा केल्या आणि पहिल्या पानाचा प्रश्न मिटला. चीनची बातमी आत गेली, पण वृत्तसंपादकांनी माझ्या कागदावरच्या आकृतीसाठी चार स्तंभांची जागा सोडायला लावली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन असल्याने सगळ्यांना घरी जायची घाई होती. मी पान सोडून निघाले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

११ मार्च २०२३ रोजी ली छ्यांग पंतप्रधान झाले. त्यांच्यावरची चौकट ऑक्टोबरपासून तयार होती. मी तिच्यात फक्त मतांचे आकडे भरले: बाजूने २९३६, विरोधात ३, तटस्थ ८.